इंजिनाची वेळ जाणणारा मुंबईकर : अर्देशीर करसेटजी वाडिया

लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य, मुंबईतील घरी गॅसचा दिवा पहिल्यांदा पेटवणारे गृहस्थ आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता अशी अर्देशीर करसेटजी वाडिया यांची ओळख पाठ्यपुस्तकी नोंदीत सापडते. परंतु या सन्मानांच्या मुळाशी असलेले त्यांचे खरे काम फारसे सांगितले जात नाही. बोटीवरचे इंजिन उघडावे, समजून घ्यावे आणि पुन्हा वेळेवर चालते करावे, ही विद्या त्यांनी मुंबईकराच्या हाती आणली.

माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर आजही मोरा आणि रेवसकडे जाणाऱ्या लाँचेसची वर्दळ असते. तिथून थोड्या अंतरावर, बंदराच्या कडेकडेने, लहानमोठ्या इंजिनांच्या दुरुस्तीची कामे चालतात. होडीच्या मागच्या फळीवर लावलेले जुने पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल, तर मेकॅनिक आधी प्लग काढून पाहतो, मग पेट्रोल येते की नाही ते पाहतो. दोन्ही ठीक असतील, तर निदान ठरलेले असते. टायमिंग हलले आहे. ठिणगी पडते, पण ज्या क्षणी पडायला हवी त्या क्षणी पडत नाही. मग इंजिनाच्या डोक्यावरचे जड फ्लायव्हील काढले जाते, त्याखालचे पॉइंट साफ होतात, फीलर गेजच्या पातळ पात्याने त्यांमधली फट मोजली जाते. अनेक जुन्या इंजिनांत ही फट इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावी लागते. एवढ्याशा अंतरावर होडी घरी परतणार की भर समुद्रात थांबणार, हे ठरते.

वेळ साधण्याच्या या विद्येला मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो सुरू झाला तेव्हा पेट्रोल नव्हते आणि ठिणगीही नव्हती. होती ती वाफ. आणि याच माझगावात राहणारा, जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातला एक तरुण तिच्या मागे लागला होता.

सागवानाचे घराणे

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले, ते कंपनीच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी. त्यानंतर दीडशे वर्षांच्या आसपास मुंबईच्या गोदीचे मुख्य बांधकामकार याच घराण्यातून येत राहिले. आजच्या लायन गेटच्या आत असलेल्या गोदीत मलबारच्या सागवानाची जी जहाजे तयार झाली, त्यांची कीर्ती इंग्लंडच्या नौदलापर्यंत पोहोचली. १८१० मध्ये पाण्यात उतरलेले ‘मिंडेन’, १८१७ मधले ‘ट्रिंकोमाली’, १८२४ मधले ‘एशिया’ ही त्यांतली काही नावे. ‘ट्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले पाहायला मिळते. परळच्या लवजी कॅसलच्या नावातून या मूळ पुरुषाची आठवण पुढेही मागे राहिली.

अशा घरात जन्मलेल्या मुलाचा मार्ग आधीच आखलेला होता. १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, अर्देशीर गोदीत उमेदवारी करू लागले. लाकूड निवडणे, त्याचा कल ओळखणे, आराखड्यावरून सांगाड्याची बरगडी कोरणे, हे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून हातोहात मिळत होते. तेच करत राहिले असते, तर घराण्याच्या परंपरेत आणखी एक कुशल नाव जमा झाले असते. पण त्यांच्या उमेदवारीच्या काळातच जहाजाच्या पोटात एक नवी वस्तू येऊन बसली आणि तिच्याविषयी वाडियांच्या घरात कुणालाच सांगता येण्यासारखे फारसे काही नव्हते.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली आणि मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली. सुमारे महिनाभरात ती तिथे पोहोचली. ही मजल ऐतिहासिक असली, तरी बोटीची रचना बेताचीच होती. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा ठेवण्याची सोय होती आणि एडनपर्यंतचाच प्रवास अकरा दिवसांचा. परिणामी मिळेल त्या जागेत कोळसा भरून ती निघाली. बोटीचा सांगाडा मुंबईचा होता, सागवान मलबारचे होते, सुतार इथले होते. इंजिन मात्र इंग्लंडहून आले होते आणि ते चालवणारे, दुरुस्त करणारे लोकही तिकडचेच. जहाजाचे शरीर आपले आणि हृदय परक्याचे, अशी ही विभागणी होती. येणाऱ्या काळात जहाजाची किंमत हृदयावरून ठरणार होती, हे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत अर्देशीर होते.

घरच्या विहिरीवरचे इंजिन

त्यांनी सुरुवात घरापासून केली. आपल्याच आवारात त्यांनी एक अश्वशक्तीचे लहान वाफेचे इंजिन तयार केले आणि ते विहिरीचे पाणी उपसून कारंजे चालवण्यासाठी जोडले. आजच्या हिशेबाने हे इंजिन घरगुती पाण्याच्या पंपाएवढ्या ताकदीचे. पण त्या काळी मुंबईत इंजिन म्हणजे विलायतेहून पेट्यांतून येणारी वस्तू होती. ते इथल्या भट्टीत, इथल्या हातांनी घडू शकते, हे या कारंज्याने सिद्ध केले.

दुसरे पाऊल समुद्राकडे पडले. स्वखर्चाने त्यांनी इंग्लंडहून दहा अश्वशक्तीचे बोटीचे इंजिन मागवले, त्यासाठी ६० टनांचे जहाज स्वतः आखून बांधले आणि १८३३ मध्ये ते पाण्यात सोडले. जहाजाला नाव दिले ‘इंडस’. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस. रॉयल सोसायटीने आठ वर्षांनी त्यांची निवड केली, तेव्हा त्यांच्या कामांच्या यादीत या साठ टनी जहाजाचा आणि त्यात बसवलेल्या इंजिनाचा मुद्दाम उल्लेख झाला.

इंजिन बोटीत बसवणे म्हणजे ते उचलून तळावर ठेवणे आणि बोल्ट आवळणे एवढेच नसते. बसवल्यानंतर त्याला वेळ लावून द्यावी लागते, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

एका क्षणाचे गणित

वाफेच्या इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या. वाफ एकदा दट्ट्याच्या एका बाजूला सोडायची, एकदा दुसऱ्या बाजूला, आणि वापरून झालेली वाफ योग्य वेळी बाहेर जाऊ द्यायची. हे काम सिलिंडरच्या कडेची सरकती झडप करते. झडपेला हलवते मुख्य आसावर बसवलेली एक चकती. चकतीचे केंद्र आणि आसाचे केंद्र एक नसते. त्यामुळे आस फिरला की चकती झडपेला पुढेमागे ढकलते. ही चकती आसावर नेमकी कुठे बसवायची, यावर सारे इंजिन अवलंबून असते. साध्या झडपेच्या इंजिनात ती क्रँकच्या काटकोनापेक्षा थोडी पुढे ठेवतात.

हे थोडे पुढे असणे म्हणजेच टायमिंग. दट्ट्या आपल्या फेऱ्याच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी ताजी वाफ आत यायला हवी. ती उशीची गादी बनून येणाऱ्या दट्ट्याचा धक्का झेलते आणि तो परत फिरताच पूर्ण जोराने त्याला ढकलते. झडप फार आधी उघडली, तर येणारा दट्ट्या वाफेशीच झुंजतो, सांधे खडखडतात आणि आसावर ताण येतो. फार उशिरा उघडली, तर दट्ट्या निघून गेल्यावर वाफ त्याच्या मागे धावते. जोर कमी पडतो आणि कोळसा मात्र तितकाच जळतो. ‘ह्यू लिंडसे’सारख्या कोळशाला मोताद असलेल्या बोटींच्या जमान्यात या उधळपट्टीचा अर्थ काय होता, हे सांगायला नको.

जुन्या पेट्रोल इंजिनातही हेच तत्त्व आहे. तिथे वाफेऐवजी ठिणगी आधी पडते, कारण इंधनाला जळायला थोडा अवधी लागतो. ठिणगी फार लवकर पडली, तर दोरी ओढणाऱ्याच्या हाताला उलटा हिसका बसतो आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. उशिरा पडली, तर इंजिन तापते आणि होडी रेंगाळते. अनेक जुन्या इंजिनांत गती वाढवण्याचा दांडा पॉइंटच्या पाटालाही फिरवतो, म्हणजे वेग वाढताच ठिणगी आणखी आधी पडते. वाफ जाऊन पेट्रोल आले तरी हिशेब बदललेला नाही.

या हिशेबाचा आरंभ एका प्रश्नापासून होतो. दट्ट्या टोकाला नेमका केव्हा पोहोचला? वरकरणी सोपा वाटणारा हा प्रश्न अनुभवी माणसालाही चकवतो. टोकाजवळ आल्यावर दट्ट्या जवळपास थबकतो. चाक बोटभर फिरले तरी तो हललेला दिसत नाही. नुसत्या नजरेने ठरवलेला हा बिंदू, ज्याला कारागीर डेड सेंटर म्हणतात, हमखास चुकतो. त्यावर जुन्या अभियंत्यांनी काढलेला तोडगा असा : दट्ट्या टोकाला पोहोचण्यापूर्वी ठरावीक अंतरावर थांबवायचा आणि चाकावर खूण करायची. मग चाक पुढे फिरवून, टोक ओलांडून परतणारा दट्ट्या बरोबर त्याच अंतरावर आला की दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या मधोमध जो बिंदू येतो, तो खरा डेड सेंटर. जिथे यंत्र थबकते तिथे मोजायचे नाही, जिथे ते स्पष्ट हलते तिथे दोनदा मोजायचे आणि मध्य काढायचा. प्लगच्या छिद्रातून मोजपट्टी सोडून पेट्रोल इंजिनाचा डेड सेंटर शोधणारा आजचा काटेकोर मेकॅनिक हीच युक्ती वापरतो.

बिंदू सापडल्यावर झडपेची फट दोन्ही टोकांना मोजायची. एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी भरली, तर झडपेच्या दांड्याची लांबी बदलून ती सारखी करायची. दोन्हीकडे सारखीच कमी किंवा सारखीच जास्त असेल, तर चकती आसावर किंचित फिरवायची. हा क्रम उलटा केला की दिवसभर काम करूनही हाती काही लागत नाही. शिवाय थंड इंजिनावर केलेले माप गरम इंजिनात तसेच राहत नाही, कारण धातू वाढतो. म्हणून वाफ भरल्यावर पुन्हा पारख करावी लागे. त्यासाठी सिलिंडरला इंडिकेटर नावाचे लहान उपकरण जोडत. त्यातली पेन्सिल दट्ट्याच्या फेऱ्याबरोबर कागदावर वाफेच्या दाबाची आकृती काढी. झडप उशिरा उघडत असेल, तर उभी जायला हवी ती रेघ तिरकी होई. जाणत्या माणसाला त्या रेघेत इंजिनाचा सारा आजार वाचता येई.

बोटीवर आणखी अडचणी होत्या. त्या काळच्या अनेक बोटींची चकती आसावर सैल असे, कारण बोट मागे घ्यायची तर झडपेची वेळच उलटवावी लागे. चालू करताना झडप हातातल्या दांड्याने हलवावी लागे आणि इंजिनाने गती घेतली की चकतीचा आकडा अडकवावा लागे. म्हणजे इंजिन चालवणाऱ्याला दट्ट्या या घडीला कुठे आहे, याची जाण हाताला असावी लागे. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी जाई, मिठाचे थर साचत आणि ते वेळोवेळी काढून टाकावे लागत. हे ज्ञान वाचून अर्धेच येते. उरलेले अर्धे वंगणाने माखलेल्या हातांनी मिळवावे लागते. सुखवस्तू घरातल्या अर्देशीर यांनी ते तसेच मिळवले, हे त्यांचे वेगळेपण.

माझगाव ते लालबाग : गॅसची वाट

इंजिनापाठोपाठ त्यांचे लक्ष गॅसकडे गेले. १८३४ मध्ये त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. मुंबईत असा उजेड पहिल्यांदाच पडला. तेलाच्या दिव्यांची आणि मशालींची सवय असलेल्या शहराला हे अप्रूपच होते.

सार्वजनिक रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला मात्र १८६५ साल उजाडावे लागले. म्हणजे एका गृहस्थाने घरात जे केले, ते शहराच्या व्यवस्थेत यायला तीन दशके लागली. पुढे बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना ज्या भागात होता, त्याची आठवण लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात राहून गेली आहे. गणेशोत्सवाच्या गर्दीत त्या गल्लीवरून जाणाऱ्या हजारो लोकांना या नावाची सुरुवात माझगावच्या एका बंगल्यातील उजेडापर्यंत नेता येते, याची कल्पना क्वचितच असेल.

इंग्लंडची वाट

मुंबईत जे शिकता येईल ते शिकून झाले होते. १८३९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, अर्देशीर इंग्लंडला निघाले. प्रवास सुएझपर्यंत आगबोटीने, मग इजिप्तची भूमी ओलांडून पुन्हा समुद्रमार्गे असा होता. परदेशगमनाला तेव्हा समाजात सहज मान्यता नव्हती. वाडिया घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणी शिकण्यासाठी वर्षभर आधीच इंग्लंडला गेले होते. अर्देशीर यांचा ओढा मात्र इंजिनाकडे होता.

इंग्लंडमध्ये त्यांनी गोद्या, भट्ट्या आणि इंजिनांचे कारखाने पाहिले, अभियंत्यांशी ओळखी केल्या. आपल्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी १८४० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. आणि याच मुक्कामात कंपनीच्या संचालकांनी एक असा निर्णय घेतला, जो त्या काळात सहज पचणारा नव्हता. मुंबईतील कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांनी अर्देशीर करसेटजींची नेमणूक केली.

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर मुंबईत या पदावर रुजू झाले. २७ मे १८४१ रोजी, ते मुंबईत कामाला लागलेले असतानाच, लंडनमध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाचे नाव त्या यादीत यायला १९१८ साल यावे लागले, आणि ते नाव होते श्रीनिवास रामानुजन यांचे. दोन नावांमध्ये ७७ वर्षांचे अंतर आहे.

कारखान्यातील सोळा वर्षे

लंडनमधला मान मोठा होता, पण मुंबईतली खुर्ची काटेरी होती. कारखान्यात एतद्देशीय कारागिरांबरोबर इंग्लंडहून आलेले कारागीरही होते आणि त्या सर्वांवर आता एक पारशी गृहस्थ अधिकारी म्हणून आला होता. मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्राने उघड शंका घेतली. एतद्देशीय माणूस कितीही हुशार वा शिकलेला असला, तरी इंग्रज कामगारांवर देखरेख आणि नियंत्रण ठेवण्याची कुवत त्याच्यात असेल काय, असा त्या टीकेचा रोख होता.

या शंकेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अर्देशीर यांना इंजिन कळते की नाही, हा मुद्दा टीकेत दुय्यमच होता. इंजिन कळणाऱ्या एतद्देशीयाचे इंग्रज कामगार ऐकतील का, हा खरा प्रश्न होता. त्याला वृत्तपत्रातून उत्तर देऊन काही साधणार नव्हते. उत्तर बंदरात उभ्या असलेल्या बोटींना द्यायचे होते.

इंजिनाच्या बाबतीत अधिकाराचा एक फायदा असतो. तिथे मत कुणाचेही असो, निकाल यंत्र देते. झडप चुकीच्या वेळी उघडत असेल, तर ती कुणाच्या हुकमाने लावली याची इंजिन पर्वा करत नाही. ते खडखडते, कोळसा खाते आणि बोट मागे पडते. वेळ बरोबर साधली असेल, तर ती साधणाऱ्याचा रंग किंवा धर्म आकृतीवरच्या रेघेत उमटत नाही. यंत्रनिरीक्षकाचे काम हेच होते. सफरीवरून आलेल्या आगबोटीचे बॉयलर तपासायचे, झिजलेले भाग ओतून घ्यायचे, झडपा आणि सांधे पुन्हा बसवायचे आणि बोट पुढच्या फेरीला लायक आहे असे आपल्या नावाने सांगायचे. ते सांगणे चुकले, तर त्याचा हिशेब अरबी समुद्रात होणार होता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर उभे राहणे त्या काळच्या अशक्त इंजिनांना मोठे जड जात असे.

हे पद अर्देशीर यांनी एक-दोन वर्षे सांभाळले नाही. १ ऑगस्ट १८५७ रोजी ते निवृत्त झाले, तेव्हा सोळा वर्षे उलटून गेली होती. ज्याच्या कुवतीविषयी आरंभी शंका घेतली गेली, त्याच्यावर कंपनीने आपल्या आगबोटींची यंत्रे एवढा काळ सोपवून ठेवली. टीकेला याहून स्पष्ट उत्तर देण्याची गरज उरली नाही.

नोकरीच्या या काळातही त्यांचे शिकणे थांबले नव्हते. १८४९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले आणि तिथली लाकूड कापण्याची यंत्रे त्यांनी मुंबईला पाठवली. सागवान हाताने कापणाऱ्या घराण्याचा वारस यंत्राची करवत घेऊन आला, हा बदल बोलका होता. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरवली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘इंडस’चे इंजिन इंग्लंडहून आले होते. अठरा वर्षांनी मुंबईतल्याच भट्टीतून आगबोट तयार झाली आणि तिला नाव मिळाले ते सागवानाच्या जहाजांनी प्रसिद्ध झालेल्या मूळ पुरुषाच्या घराण्याचे. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साह्याने धातूवर मुलामा चढवण्याची कला मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

रिचमंडची अखेर

निवृत्तीनंतर अर्देशीर इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या रिचमंड येथे राहू लागले. १८६१ मध्ये इंडस फ्लोटिला कंपनीचे अधीक्षक अभियंता म्हणून ते पुन्हा भारतात आले. सिंधू नदीवरच्या आगबोटींची यंत्रे त्यांच्या देखरेखीखाली आली. पंचविशीत पहिल्या जहाजाला ज्या नदीचे नाव दिले, तिच्यावरच आयुष्यातली शेवटची मोठी नोकरी करण्याचा योग आला. १८६३ मध्ये ते इंग्लंडला परतले ते कायमचेच.

त्यांचे खासगी आयुष्य दोन देशांत विभागले गेले. मुंबईत पत्नी आवाबाई आणि कुटुंब होते, तर रिचमंडमध्ये मेरियन बार्बर यांच्याबरोबर त्यांचा दुसरा संसार उभा राहिला. घर, समाज आणि यंत्र या तिन्हींची ओढ एकाच माणसाला निभावता येणे त्या काळी सोपे नव्हते. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या डोळ्यांदेखत जहाजांचे जग बदलून गेले. लाकडाची जागा लोखंडाने घेतली, शिडांची जागा वाफेने. मुंबईच्या गोदीतले सागवानी जहाजांचे वैभव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरत गेले. कारागिरांचे हात कमजोर झाले म्हणून हे घडले नव्हते. काळ जिकडे चालला होता, त्या दिशेचे कारखाने आणि शिक्षण या शहरात वेळेवर उभे राहिले नाही. तंत्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये सुरू झाले, तेव्हा अर्देशीर यांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती. घरच्या विहिरीवर इंजिन लावून त्यांनी जी खूण केली होती, तिची बरोबरी साधायला शहराला अर्धशतक लागले.

भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तारीख रॉयल सोसायटीतील निवडीची होती. पण त्यांचा वारसा तिकिटापुरता उरलेला नाही. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस होडीच्या मागे लावायचे पेट्रोल इंजिन लोकप्रिय केले आणि बोटीचे इंजिन एका माणसाला उचलता येईल एवढे लहान झाले. पुढे मुंबईच्या किनाऱ्यावरच्या होड्यांनाही इंजिने लागली. ती खोलणारे, पॉइंट घासणारे, फ्लायव्हीलवरची खूण जुळवणारे हात कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेले नाहीत. ते बंदरात, एकाने दुसऱ्याला दाखवत तयार झाले. बाहेरून आलेले यंत्र न घाबरता उघडायचे, त्याची वेळ स्वतः शोधायची आणि मगच ते चालवायचे, हा या हातांचा शिरस्ता आहे. १८३३ मध्ये ‘इंडस’च्या पोटात बसवलेल्या दहा अश्वशक्तीच्या इंजिनापाशी अर्देशीर करसेटजींनी तोच पाळला होता.